पाल्याची पाळी

दिवाळीचे डबे घासून फडताळात पालथे पडले, की नगरच्या केडगावात पुणे रस्त्याला वैरणीचे टेम्पो दिसू लागतात. टपापेक्षा उंच रचलेलं गवत, वर दोन्ही बाजूंनी आवळलेला दोर आणि मागे रस्ताभर सांडत जाणाऱ्या काड्या. मी शाळेला निघते नेमक्या त्याच वेळेला असा एखादा टेम्पो माझ्या स्कूटीपुढे येतो. मागचे हॉर्न वाजवून वाजवून शेवटी शिव्या देत पुढे जातात. मी मात्र त्याच्या मागेच रेंगाळते. डोळ्यांत कचरा जातो, केसांत काड्या अडकतात, शाळेला पाच मिनिटं उशीर होतो. वाळत आलेल्या गवताचा तो वास नाकात गेला की माझ्याच्यानं ॲक्सिलेटर पिळवत नाही.

हा वास मला आवडतो असं म्हणावं, तर ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं माहेर राहुरी तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. डोंगर हा शब्द आम्ही लाडानं वापरायचो. माझ्या लहानपणी त्याच्या अंगावर दगड, घाणेरीची झुडपं आणि जनावरांच्या पायवाटा सोडून काही नव्हतं. पाऊस पडला की सगळं पाणी माती घेऊन धावत खाली यायचं, गावाला दर्शन देऊन ओढ्यानं निघून जायचं. संक्रांतीच्या आसपास विहिरी तळ दाखवायच्या. होळीनंतर टँकर. टँकरच्या मागे धावण्यात मी पटाईत होते आणि त्याचा मला अभिमानही होता, हे आठवून आता हसू येतं.

मी बारावीला असताना गावानं ठरवलं की डोंगर धरायचा. ‘धरायचा’ हा माझ्या वडिलांचा शब्द. अण्णा शेतकरी, पण बोलायला उभे राहिले की चार माणसं गप्प बसायची. दोन उन्हाळे गावानं श्रमदानानं डोंगरावर आडवे चर खणले, रोपं लावली. मग ग्रामसभेत दोन नियम झाले. डोंगरावर जनावर सोडायचं नाही आणि कुऱ्हाड न्यायची नाही, फांदीसुद्धा तोडायची नाही. दिवाळीनंतर गवत तयार झालं की नारळ फोडायचा आणि महिनाभर रोज सकाळी प्रत्येक घरातून एका माणसानं एक विळा घेऊन वर जायचं. एका डोक्यावर मावेल तेवढं गवत त्या घराचं. माझं अक्षर बरं, म्हणून नियम मी लिहून काढले. ‘प्रत्येक घरास एक विळा’ हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते लांब धरून पाहिलं होतं. मोठ्या घरालाही एक, लहान घरालाही एक. यापेक्षा न्यायाचं काय असतं, असं मला वाटलं होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीला आणखी काय वाटणार?

गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे हमीदाचाचीचं घर होतं. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन श्रीरामपूरला. जमीन नाही. बारा शेळ्या, एवढाच तिचा संसार. त्यांचं दूध ती स्टँडवरच्या हॉटेलात घालायची, बकरं मोठं झालं की ईदच्या आधी विकायची आणि त्यावर वर्ष काढायची. तिच्या शेळ्या रोज डोंगरावर जायच्या. आता डोंगर बंद.

त्या सभेत ती मागे बायकांच्या रांगेत बसली होती. विळ्यांवरून दोन तास वाद चालला. ज्याच्याकडे चार म्हशी त्यानं काय करायचं, ज्याच्याकडे नुसता एक बैल त्याचं गवत कुणाला, भाऊ वेगळे राहतात पण चूल एक आहे तर विळा एक की दोन. मग अण्णांना हमीदाचाची आठवली. त्यांनी मोठ्या मनानं जाहीर केलं, “हमीदाबीला दोन विळे. तिला जमीन न्हाई, तिचा आपन ईचार केला पायजे.” लोकांनी माना डोलावल्या. गावालाच आपल्या मोठेपणानं भरून आलं.

चाची बसल्या जागेवरूनच म्हणाली, “अण्णा, दोन द्या न्हाईतर धा द्या. शेळी वाळलं गवत खाती व्हय? हुंगून सोडती. तिला पाला लागतो.”

 त्या सभेत जन्मापासून जनावरं सांभाळलेली माणसं बसली होती. शेळी झाडपाल्यावर जगते हे त्यांतल्या प्रत्येकाला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. तरी दोन तास विळ्यांची वाटणी चालली होती आणि एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आम्ही सगळे गाय-म्हैसवाले. चांगलं काम करायला निघालेला माणूस आपल्या गोठ्यावरून जगाचा गोठा ओळखतो, त्यातलीच ही गत.

तोड मी सुचवली. डोंगरावरचा पाला नाही, पण प्रत्येकाच्या बांधावर शेवरी आहे, सुबाभूळ आहे, शेवगा आहे. रोज दोन घरांनी एकेक भारा पाला चाचीच्या दारात टाकायचा. मी गावच्या शाळेतून जुना पुठ्ठा आणला, त्यावर लाल-निळ्या शाईनं तक्ता आखला, घरवार नावं लिहिली आणि तो मारुतीच्या पारावर खिळ्यानं ठोकला. लोकांनी त्याला लगेच ‘पाल्याची पाळी’ असं नाव दिलं. “सुलू, आमची पाळी कवा गं?” असं कुणी विचारलं की मी तोंडपाठ सांगायचे. बोर्डात नंबर आल्यासारखी मी तेव्हा गावभर हिंडत होते.

गवतकापणीचा तो पहिला महिना मला अजून अंगावर आठवतो. अंगावर म्हणजे खरोखर अंगावर, कारण कुसळं. पहाटेच्या धुक्यात वर चढायचं, गवत दवानं ओलं असायचं, परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा आणि उन्हं आली की त्याच परकरात शेकडो कुसळं रुतून बसायची. डोंगरभर विळ्यांचा खसखस आवाज. कापताना पवन्या गवताचा गोडसर वास उठायचा. मध्येच एखादा तितर फडफडत निघायचा आणि बायका दचकून एकमेकींना हसायच्या. नऊच्या सुमारास फडकी सुटायची. शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांद्याची पात. ज्यांच्या बांधाचा खटला तहसीलपर्यंत गेला होता ती दोन घरं एका दगडावर बसून खायची. बोलायची नाहीत, पण चटणी पुढे सरकवायची. भारा डोक्यावर घेऊन उतरताना पुढच्या माणसाचा फक्त भारा दिसायचा, माणूस नाही. गावातून बघणाऱ्याला वाटायचं, गवतच रांगेनं घरी निघालंय.

संध्याकाळी मी चाचीकडे जायचे, पाळीचा पाला आला का बघायला. खरं तर तिच्या चहासाठी. शेळीच्या दुधाचा चहा सगळ्यांना आवडत नाही, मला आवडायचा. बाराही शेळ्यांना तिनं नावं ठेवली होती. त्यातली काबरी तिची लाडकी, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेली. ती तेव्हा गाभण होती. चाची तिच्या पोटाला हात लावून सांगायची, “दोन हायेत बघ. एक तुझ्या लग्नाच्या टायमाला इकीन आन तुला पैठनी घीन.” मी म्हणायचे, तोवर बकऱ्याला दाढी येईल.

तक्त्याचे पहिले आठ-दहा दिवस झकास गेले. लोक भारे असे पाठवायचे की जणू लेकीला रुखवत. मग हळूहळू माणसाचा स्वभाव भाऱ्यातून दिसू लागला. कुणी अर्धी पेंढी पाठवली. कुणी मुळ्याची पानं. एका घरानं कडुनिंबाचा ढीग टाकला आणि वर निरोप, निंब आरोग्याला चांगला असतो. चाची कुणाला काही बोलली नाही. “देतात ते काय कमी हाय? बांधावरचा पाला काय फुकट न्हाई उगवत,” म्हणायची. मी मात्र चिडायचे. तक्त्यावर ज्यांनी कमी दिला त्यांच्या नावापुढे लाल टिंब काढायचे. आमच्या घरापुढे लाल टिंब नव्हतं, हे सांगायला नकोच.

त्या वर्षी पाऊस लांबला होता, त्यामुळे शाळूची पेरणी उशिरा झाली आणि विरळणी दिवाळीनंतर आली. दाट उगवलेल्या ज्वारीतली जास्तीची रोपं उपटून काढतात, ती विरळणी. आमच्या शेतात बायका खुरपणी-विरळणी एकदमच करत होत्या. मी तेव्हा नगरला डी.एड.ला होते आणि एसटीनं जाऊन-येऊन करायचे. त्या दिवशी माझी परीक्षा होती आणि आमची पाळी. अण्णा राहुरीला रोपं आणायला गेले होते, जाताना मला बजावून, “बांधावरची शेवरी काढ आन चाचीकडं टाकून मग जा.”

मी उशिरा उठले. बांधावर गेले तर शेवरी उंच, विळा बोथट आणि एसटीची वेळ झालेली. बांधाला आदल्या दिवशीच्या खुरपणीचा हिरवागार ढीग पडलेला होता. तण असणार, ताजं आहे, शेळ्या आनंदानं खातील. मी खाली दोन-चार शेवरीच्या फांद्या घेतल्या, वर तो ढीग भरला, गाठ मारली, चाचीच्या दारात भारा टाकला आणि पळत स्टँड गाठलं. चाची दूध काढत होती. तिनं हात वर केला, मी हात वर केला.

पेपर चांगला गेला. संध्याकाळी परत आले तर ओढ्याजवळ चार बायका उभ्या. काबरी गेली, म्हणाल्या. दुपारीच. पोट फुगलं आणि गेली, असं चाची सांगत होती. “गाभन हुती, अदाशासारखं खाल्लं, पोट फुगलं. नशीब तिचं.”

मी गोठ्यात गेले. गव्हाणीच्या कडेला माझ्या भाऱ्यातलं थोडं उरलेलं पडलं होतं. मी ते हातात घेतलं. तणात मिसळलेली ज्वारीची कोवळी रोपं होती, विरळणीतली. टीचभर, रसरशीत. कोवळ्या ज्वारीत विष असतं, ती जनावराला घालायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. परीक्षेत मी ‘परिसर अभ्यास’ लिहून आले होते.

काबरीवर पोतं घातलं होतं. पोत्याखाली तिचं पोट मोठं दिसत होतं आणि त्यात ते दोन. मी हातातली रोपं मुठीत चुरगाळली, परकराच्या खिशात कोंबली आणि घरी गेले. कुणाला काही बोलले नाही. रात्री जेवताना अण्णांनी विचारलं, “भारा दिला ना?” मी म्हटलं, “दिला.” त्या दिवसानंतरही आमच्या नावापुढे लाल टिंब नव्हतं ते नव्हतंच, फक्त मी तक्त्याकडे बघायचं सोडलं.

वाटलं होतं, चाचीला कळलं नसेल. त्या एका आशेवर मी किती वर्षं काढली ते सांगायला जीभ रेटत नाही. डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं, केडगावात फ्लॅट झाला. माहेरी गेले की चाचीकडे जायचे, पण चहा उभ्याउभ्या प्यायचे.

डोंगर मात्र धरला गेला. तीन-चार वर्षांत ओढा माघापर्यंत वाहू लागला. टँकर आमच्या गावाचा रस्ता विसरला. आता बाहेरगावचे लोक बस करून बघायला येतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि विचारतात, हे तुम्ही कसं केलं? शिंगणापूर आमच्यापासून फार लांब नाही. तिथं घरांना दारं नसतात, आमच्या डोंगराला कुंपण नाही. ते देवाच्या भरवशावर, आम्ही एकमेकांच्या, असं अण्णा पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे वहीत लिहून घ्यायचे. अण्णा गेल्यावर दोन-तीनदा हे काम माझ्याकडे आलं. मी चर दाखवायचे, विहिरी दाखवायचे, विळ्याचा नियम सांगायचे. पाल्याची पाळी तर फारच रंगवून सांगायचे. लोक म्हणायचे, वा, बाई, सगळ्यांचा विचार केलात. आणि मी त्यांना घाईनं पुढच्या चराकडे वळवायचे.

मला अलीकडे असं वाटतं, की गावानं मिळून काही सोडायचं ठरवलं तर सगळे सारखं सोडतात असं आपण मानतो. ते खोटं असतं. आम्ही सोडलं ते चार महिन्यांचं चरणं, आणि बदल्यात आम्हाला गवत मिळालं, विहिरीला पाणी मिळालं. चाचीला विहीरच नव्हती. तिनं सोडलं ते सगळं आणि मिळाला तो आमच्या चांगुलपणाचा भारा, ज्याची गाठ कुणी कशी मारली असेल याचा भरवसा नाही. तरी ती एकदाही शेळ्या घेऊन डोंगरावर गेली नाही. तिनं मनात आणलं असतं तर नियम पहिल्याच महिन्यात मोडला असता. एक मोडला की दुसरा मोडतोच.

या दिवाळीनंतर टेम्पोमागे जाता जाता एकदा मी स्कूटी सरळ बाजूला घेतली आणि रजा टाकली. एसटीनं गावाला गेले. चाची ओट्यावर बसली होती. गुडघे गेलेत, डोळा मात्र शाबूत. मागे शेळ्या. सात. पाळी अजून चालू आहे, पण आता नऊ-दहा घरंच राहिलीत. तक्ता कधीच फाटला. ज्यांना द्यायचा ते आपले वार लक्षात ठेवून देतात.

मी उभ्याउभ्या चहा घेतला नाही. बसले. आणि सांगून टाकलं. खुरपणीचा ढीग, एसटी, परकराच्या खिशातली रोपं, सगळं. बोलताना मला रडू आलं आणि या वयात, शिक्षिका असून, असं रडताना लाजही वाटली.

चाचीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भारा म्या सोडला हुता, सुलू. काबरी पडली, त्याच टायमाला मला कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुनाला बोलू? अण्णाच्या घरच्या पाल्यानं शेळी मेली म्हनले असते, तर दुसऱ्या दिशी भारा कुनी टाकला असता? आपल्या पाल्यानं काय झालं तर, म्हनून समद्यांनी हात आखडला असता. मग माज्या अकरा बी गेल्या असत्या. न्हाईतर म्या घेतल्या असत्या डोंगरावर. मग तुमचा डोंगर कुठला न् काय.”

 ती शेळ्यांकडे बघत होती.

“आन चूक माजी बी हुती. ताजं हिरवं दिसलं, तुज्या हातचं हुतं, म्हनून न बघता काबरीच्या म्होरं टाकलं. आठ दिस रडले म्या काबरीसाठी. तुज्यावर राग बी आला. लई आला. मग तू पास झाली, पेढे घिऊन आली, तवा गेला.”  मग म्हणाली, “आल्ती कशाला आज? नुसतं हेच सांगायला?”

मी म्हटलं, “पाळी मागायला आले. अण्णा गेल्यापासून आमच्या घराची पाळी बंद आहे. बांध आहे, शेवरी आहे. रविवार मला दे.”

“केडगावाहून येशील?”

“येईन.”

“पावसाळ्यात बी?”

“येईन म्हटलं ना.”

तिनं थोडा विचार केला. “मंगळवारवाल्यांनी रविवार मागितला हुता. बघते त्यांना ईचारून.” म्हणजे पाळीसाठी मलाही थांबावं लागणार होतं. ते ऐकून मला बरं वाटलं. मंगळवारवाल्यांनी शेवटी मंगळवारच ठेवला आणि रविवार मला मिळाला.

परवाचा रविवार पहिला. पहाटे बांधावर गेले. विळ्याला आदल्या दिवशीच धार लावून घेतली होती. शेवरीच काढली, नुसती शेवरी, फांदी फांदी बघून. ओढ्यावरून जाताना कधी एवढं जपून काही नेल्याचं आठवत नाही. भारा चाचीच्या पुढ्यात ठेवला. शेळ्यांनी माना काढल्या, एकीनं दावणीला हिसका दिला.

चाचीनं त्यांना थांबवलं. गाठ सोडली, भारा ओट्यावर पसरला आणि माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता, एकेक फांदी उचलून, उलटून पाहिली. घाई केली नाही. शेवटची फांदी बघून झाली तेव्हा तिनं पाला उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “घाल आता.”